गोलमधली मोहरी

शुक्रवारी सकाळी आण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि त्याच्या आत एक जुनी, विटलेली, निळी-पिवळी जर्सी. बहारीनच्या उन्हात माणसाला एक कपडा नकोसा होतो, हे दोन घालायचे. वहिनी म्हणायच्या, "अहो, घामोळं उठंल अंगावर." आण्णा म्हणायचे, "उठू दे. तालमीसाठी उठलं म्हणायचं."

मी त्यांच्या सनद भागातल्या घरी स्वयंपाकाला होते. घर तळमजल्यावर, पुढे सिमेंटचं अंगण आणि अंगणात धुळीनं करडं झालेलं एक खजुराचं झाड. मुलगा कॅनडात. घरात आण्णा-वहिनी दोघंच, आणि मी. मी त्यांना पहिल्या दिवशी साहेब म्हटलं, तर म्हणाले, "साहेब साइटवर. हितं आण्णा." ते रस्त्याच्या कामावर इंजिनिअर होते.

मी भुदरगडकडची. तालीम म्हटलं की मला लाल मातीतली कुस्तीच आठवायची. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉलचे संघ असतात, त्यांच्यावरून पेठापेठांत भांडणं होतात, सख्खे मेहुणे एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला कोल्हापूर जिल्ह्यात जन्मून माहीत नव्हतं. ते मी बहारीनमध्ये, भाजी चिरता चिरता शिकले.

दर शुक्रवारी दुपारी आण्णांचा पुतण्या कोल्हापूरच्या मैदानावरून मोबाइल धरून सामना दाखवायचा. पुतण्याचा हात हलायचा, त्यामुळे निम्मा सामना आभाळाचाच दिसायचा. आण्णा त्या आभाळावरही ओरडायचे. सामना बघायला दोघं जण ठरलेले. एक सीफ भागातल्या बँकेतले साहेब. ते कोल्हापूरचेच, पण पलीकडच्या तालमीचे, म्हणजे वैरी. दुसरे रत्नागिरीचे चाचा. त्यांचं राजधानीत, मनामात, कापडाचं दुकान. जुम्म्याची नमाज झाली की अंगाला अत्तर लावून ते सरळ इकडे यायचे. चाचांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ते तांबड्या रश्श्यासाठी यायचे आणि जो हरतोय त्याला चिडवायचे.

सामना तासा-दीड तासात संपायचा. खरी गंमत त्याच्यानंतर. आजचा सामना बाजूला राहायचा आणि जुनी मढी उकरायला सुरुवात व्हायची. कुठल्या वर्षी कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, कुणामुळे वाटोळं झालं.

"एका साली तुम्ही आफ्रिकेचा प्लेअर आणलासा," सीफचे साहेब सुरू करायचे. "सांगा की चाचांना त्याचं काय झालं."

"चाचांना म्हाईत हाय."

"परत सांगा."

आण्णा मान खाली घालून सांगायचे. तो धिप्पाड खेळाडू फायनलसाठी आला. आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी त्याला पाहुणचार म्हणून तांबडा रस्सा वाढला. तो ते सूप समजून पातेलंभर प्याला. फायनलला तो मैदानात कमी आणि मैदानाच्या मागं जास्त होता. चाचा ही गोष्ट दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखे हसायचे आणि शेवटी डोळे पुसत म्हणायचे, "अरे बाबा, पोटाची मॅच आधी जिंकायला पायजे!"

चिठ्ठ्यांचंही तसंच. काही चांगल्या पोरांवर दोन तालमींनी हक्क सांगितला, की देवळात त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकायची त्यांच्याकडे रीत होती. तरुणपणी तालमीनं ते काम आण्णांना दिलं. आण्णांच्या हाताला जे यायचं ते नेमकं वाईट असायचं. एकदा चिठ्ठीत निघालेला पोरगा पुढच्याच आठवड्यात सैन्यात भरती होऊन गेला. एकदा निघालेला पोरगा खेळायला उत्तम, पण त्याच्या आईनं मैदानावर येऊन त्याला कानाला धरून नेलं, बारावीची परीक्षा होती म्हणून. तेव्हापासून आण्णांनी चिठ्ठीला हात लावला नाही. वहिनींची भिशी असायची, त्या दिवशी चिठ्ठी काढायची वेळ आली की आण्णा चपला घालून अंगणात जायचे. "माझी सावली बी नको पडायला," म्हणायचे. बायका हसायच्या. ते खरंच खजुराखाली उभे राहायचे, आतून कुणाचं तरी नाव ऐकू येईपर्यंत.

सखीरला गाड्यांची शर्यत असते तेव्हा सगळं बहारीन तिकडे लोटतं. कंपनीनं आण्णांना पास दिला होता. ते जाऊन तासाभरात परत आले. "नुसत्याच गोल फिरत्यात," म्हणाले, "गोल एक बी न्हाई."

आता माझ्या आवाजाचं सांगायला पाहिजे, कारण त्यावरून पुढचं झालं. माझा आवाज लहानपणापासून आत जातो. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, मी "हजर" म्हणायचे, ते त्यांना ऐकू जायचं नाही आणि मी समोर बसलेली असताना मला गैरहजर लावायचे. चौथीनंतर मी खरीच गैरहजर झाले. आण्णांच्या घरी हॉलमध्ये ती तीन माणसं भांडत असली की "जेवण वाढलंय" हे माझं कुणाला ऐकूच जायचं नाही. मी दारात उभी राहायचे. रश्श्यावरची तर्री थिजायची. वहिनी आल्या तर हाक मारायच्या, नाहीतर मी तशीच उभी.

एका शुक्रवारी आण्णांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "कवापास्नं उभ्या हाय?" पुढच्या शुक्रवारी ते मनामातून एक काळी शिट्टी घेऊन आले, दोरीसकट. "बाई, ही रेफरीची. जेवण झालं की फुंकायची. शिट्टी वाजली की आपलं सगळ्यांचं तोंड बंद. जो बोलंल त्याला रस्सा न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आण्णा मागे लागले. मी डोळे मिटून फुंकली. शेजारच्या घरातलं कुत्रंसुद्धा गप झालं. सीफचे साहेब तोंड उघडं ठेवून बसले होते, ते तसेच राहिले. आण्णा उठले आणि जेवणाच्या टेबलाकडे चालू लागले, जणू काही हे रोजचंच. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांनी गरम रस्सा खाल्ला. शिट्टी मी फ्रिजच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली.

मोहरीची गोष्टही तेव्हाचीच. वाद रंगला की आण्णांना मांडून दाखवायला काहीतरी लागायचं, म्हणून ते स्वयंपाकघरात येऊन माझा मसाल्याचा डबा उचलून न्यायचे. वाट्या टेबलावर मांडायचे. हळद मध्ये, जिरं डावीकडे, तिखट पुढे, कारण पुढचा खेळाडू तिखट पाहिजे. आणि सगळ्यात मागे, गोलमध्ये, मोहरी. "बारकी हाय, पण तडतडती," म्हणायचे. माझी फोडणी खोळंबायची. परत मागायचं धाडस नव्हतं. एकदा मी तशीच मोहरीशिवाय आमटी केली. आण्णांनी पहिला घास घेतला आणि थांबले.

"आज मोहरी न्हाई?"

मी कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "ती गोलमध्ये हाय."

चाचांना ठसका लागला. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. आण्णा उठले, टेबलावरची मोहरीची वाटी दोन्ही हातांत धरून मला आणून दिली आणि म्हणाले, "आजपास्नं आमच्या गोलकीपर तुम्ही. दारात उभ्या असता, नजर सगळीकडं, आणि तुमच्या हातनं आजपर्यंत काय सांडलं न्हाई." त्यानंतर ते मला गोलकीपरच म्हणायचे. चारचौघांत माझं कौतुक कुणी केल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही.

हे नाव त्यांनी सहज दिलं नव्हतं, कारण गोलकीपर हा त्या घरातला दुखरा विषय होता. आफ्रिकेचा खेळाडू, चिठ्ठ्या, हे सगळं हसण्यावारी जायचं. पण कधीतरी सीफचे साहेब म्हणायचे, "आणि आमचा गोलकीपर?" मग आण्णांचा चेहरा उतरायचा. आण्णा तरुण असताना त्यांच्या तालमीत एक गोलकीपर होता. तसा पुन्हा झाला नाही म्हणतात. तो सोडून पलीकडच्या तालमीत गेला आणि नंतर वर्षानुवर्षं आण्णांच्या तालमीला त्यानं एक चषक उचलू दिला नाही. "आम्ही त्याला दिला, तिथंच आमचं नशीब दिलं," आण्णा म्हणायचे. "दिला ही चूक झाली." का दिला, कुणी दिला, यावर कधी ते अध्यक्षाला दोष द्यायचे, कधी कोचला. दर वेळी वेगळं.

मग माझंच तसं काहीतरी निघालं.

सीफच्या साहेबांच्या बायकोनं मनामात जेवणाच्या डब्यांचं स्वयंपाकघर सुरू केलं होतं. एकट्या राहणाऱ्या आपल्या माणसांना घरचं जेवण. मी त्यांना ताई म्हणायचे. ताईंनी एकदा वहिनींकडे माझ्या हातचं खाल्लं होतं. त्यांनी मला फोन करून विचारलं, मुख्य स्वयंपाकीण म्हणून येता का. राहायला वेगळी खोली, हाताखाली बायका, पगार वाढीव. माझी मुलगी तेव्हा माझ्या बहिणीकडे राहून बारावी करत होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. मी रात्रंदिवस तेच मनात घोळवत होते, पण ताईंना एवढंच म्हणाले, "आण्णांना विचारा." कारण माझा व्हिसा आण्णांच्या नावावर. त्यांनी रिलीज दिल्याशिवाय मला दुसरीकडे जाता येत नव्हतं. आणि मी स्वतः विचारणं तर शक्यच नव्हतं. वहिनींच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना खाली वाकता येत नव्हतं. आण्णा दिवसभर साइटवर असायचे. मला परकं कधी मानलं नव्हतं त्यांनी. कुठल्या तोंडानं विचारणार?

त्या शुक्रवारी आण्णांची तालीम हरली होती. तेवढ्यात सीफच्या साहेबांनी ते काढलं, आणि काढलं तेही थट्टेत.

"आण्णा, तुमचा गोलकीपर आम्हाला द्या."

"झाला की तो जुना विषय."

"तो न्हवं. ह्यो." आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान केली.

ताईंच्या स्वयंपाकघराचं सांगून झालं तसे आण्णा लालबुंद झाले. "तुम्हाला? पलीकडच्या तालमीला? एकदा दिलाय, त्याचं अजून भोगतोय. आता मेलो तरी न्हाई देणार."

"अहो, बाईंचा फायदा आहे त्यात."

"फायदा! हिच्या पाठीचं काय मग?"

वहिनी म्हणाल्या, "माझ्या पाठीचं नाव मधी घालू नका." मग लगेच म्हणाल्या, "पण खरं तर मला कोण वाकून देणार?"

"दुसरी बाई मिळंल की," सीफचे साहेब म्हणाले.

"प्लेअर काय झाडाला लागत्यात का?"

"तुमची तालीम कायम अशीच. आहे त्याची किंमत न्हाई, गेला की रडायचं."

"आणि तुमची तालीम आयत्यावर कोयता!"

आवाज चढत गेले. आफ्रिकेचा खेळाडू आला, चिठ्ठ्या आल्या, सैन्यात गेलेला पोरगा आला. मी दारात हातात पातेलं घेऊन उभी होते. सगळे माझ्याबद्दल बोलत होते आणि माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मला गुरुजींचं हजेरीपुस्तक आठवलं. मी पातेलं ओट्यावर ठेवलं, खिळ्यावरची शिट्टी काढली आणि फुंकली.

सगळे गप. आण्णा सवयीनं उठले. मग थांबले.

"जेवण झालंय, बाई?"

मी मान हलवली. नाही.

"मग?"

शिट्टी हातात तशीच. चाचाच बोलले. त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, त्याचा हा उपयोग झाला असेल. ते म्हणाले, "अरे बाबा, तुम्ही दोघे खलास करा आता. तिला तरी विचारा. ती काय बोलते?"

आण्णा माझ्याकडे बघत राहिले. असे बघत राहिले, जणू चाचांनी त्यांना दुसरंच काहीतरी विचारलं होतं. मग हळू म्हणाले, "बाई, तुम्हाला काय पायजे?"

"मला जायाचं हाय," मी म्हणाले. "पोरीला नर्सिंगला घालायचंय."

हे ऐकू गेलं. वहिनी उठून आत गेल्या. सीफचे साहेब खाली बघायला लागले, त्यांना जिंकल्यासारखं वाटलं नसावं. आण्णांनी टेबलावरच्या वाट्या एक एक करून मसाल्याच्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं, आणि चपला घालून अंगणात गेले. संध्याकाळपर्यंत खजुराखाली बसून होते. कुणी जेवलं नाही. मला वाटलं, संपलं. हेही जाणार आणि तेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. आण्णा स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. ते असे कधी येत नसत, डबा न्यायला सोडून.

"बाई, त्या गोलकीपरचं मी सगळ्यांना खोटं सांगतोय," म्हणाले. "आम्ही त्याला दिला न्हवता."

चहा उतू जायला आला होता. मी गॅस बारीक केला.

"त्याला पलीकडच्या एका मोठ्या माणसानं नोकरी देतो म्हटलं हुतं. कायमची. अट एकच, त्यांच्या संघात खेळायचं. बाप वारलेला, घरात दोन बहिणी. तो आमच्याकडं आला, म्हणाला, मला सोडा. आम्ही बैठक घेतली. सोडायचा न्हाई ठरलं. खेळवायचा बी न्हाई. अख्खा सीझन त्याला बाहेर बसवून ठेवला, निव्वळ रागानं. नोकरी दुसऱ्याला गेली. मग तो गेला, आणि जे खेळला ते तुम्ही ऐकलंयच. सगळी म्हणत्यात, दिला ही चूक. दिला ही चूक न्हवं. बसवला ही चूक. त्या बैठकीत हात वर करणाऱ्यांत मी बी हुतो. आणि तो तिथंच दारात उभा हुता, बाई. त्याला कुणी एका शब्दानं विचारलं न्हाई."

मी दोन कपांत चहा ओतला. एक त्यांना दिला. ते ओट्यापाशी उभे राहूनच प्याले.

सोमवारी सुट्टी काढून ते स्वतः मला घेऊन व्हिसाच्या ऑफिसात गेले. रिलीजवर सही करताना खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "हमारा गोलकीपर है." त्याला काय कळलं असेल देव जाणे, तो "इंशाल्ला, इंशाल्ला" म्हणाला. गाडीत आण्णा सीफच्या साहेबांना शिव्या घालत राहिले, तोंडभरून.

वहिनींनी चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी माझ्या पिशवीत त्यांनी स्वतःची एक चांगली साडी घातलेली मला दिसली. नवीन बाई मिळेपर्यंत आण्णा स्वतः भांडी घासत होते, असं चाचांनी सांगितलं. "इंजिनिअर आहे, पण कढई जमत नाही त्याला," म्हणाले.

मनामात माझा पहिला शुक्रवार. दुपारी डबे घेणाऱ्यांची रांग लागली होती. कामावरची पोरं, ड्रायव्हर, वेल्डर. त्यांच्यात मधेच पांढऱ्या शर्टात आण्णा, हातात स्टीलचा डबा. रांग सोडून पुढे या म्हटलं तर येईनात. आपली पाळी आल्यावर डबा पुढे केला आणि कुजबुजले, "वैऱ्याच्या गोटात जेवायला आलोय. कुणाला सांगू नका." शर्टाच्या गळ्यातून निळी-पिवळी कड दिसत होती. मी रस्सा वाढला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, तर्री बघितली आणि म्हणाले, "मोहरी आता तुमच्याकडंच असती न्हवं? कोण नेत न्हाई?"

"कोण न्हेत न्हाई," मी म्हणाले. आणि मला ते बरं वाटायच्या ऐवजी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आण्णा आणि वहिनी निवृत्तीनंतर कोल्हापूरला परत गेले. सनदच्या घरात आता दुसरं कुणीतरी राहतं. माझ्या हाताखाली बायका आहेत, त्यांच्यावर मला ओरडता येत नाही, म्हणून शिट्टी इथेही खिळ्याला आहे.

मागच्या महिन्यात शुक्रवारी दुपारी आण्णांचा फोन आला. मागे मैदानाचा गोंगाट. "बाई, थांबा, एकाशी बोला," म्हणाले आणि फोन दुसऱ्या कुणाच्या हातात दिला. म्हातारा आवाज होता, बारीक, आत जाणारा, माझ्यासारखा.

"आण्णांच्या गोलकीपर तुम्हीच न्हवं?"

"व्हय."

"मी बी." मग जरा थांबून म्हणाले, "ह्ये आण्णा माझ्या घरी आलतं. इतक्या वर्सांनी. दारात उभं ऱ्हायलं निस्तं, बोलंनातच. मीच म्हटलं, आत या. आता सामन्याला घिऊन आल्यात मला, आपल्या बाजूला बसवलंय." ते हसले. "मला अख्खा सीझन बसवला हुता ह्यांनी. तुमास्नी किती दिस बसवलं?"

मागे आण्णा खोकल्याचं ऐकू आलं.

"मला न्हाई बसवलं," मी म्हणाले.

"आं? हितं दंगा हाय. मोठ्यानं सांगा, ह्यांना बी ऐकू जाऊ दे."

"मला न्हाई बसवलं!" मी ओरडले.

पोळ्या लाटणाऱ्या सगळ्या बायकांनी लाटणी थांबवून माझ्याकडे बघितलं.